टापूवरच्या दोन चुली

डोमाजी आधी माणसाचा वास घेत आणि मग रामराम करीत.

मी गोंदियाच्या शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, त्या पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. हे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले, मान थोडी वर केली, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, "वांगं. तेल जवसाचं. अन् भात खालून लागला." मग हात जोडले. "रामराम जी मास्तर. मी डोमाजी, बाजूच्या घरचा."

माझी बायको आत भाताचा गंज, म्हणजे पातेलंच, खरवडत बसली होती. तिनं ते ऐकलं, आणि पुढची चार वर्षं डोमाजींना आमच्या घरी चहाशिवाय काही मिळालं नाही.

त्या नाकाची कीर्ती एवढी, की बाहेरगावची माणसं ते बघायला येत आणि निराश होऊन परत जात. नाक अगदी साधं होतं, किंचित बसकंच. पण गोंदियातल्या एका तांदळाच्या गोदामाचा सगळा कारभार त्यावर चाले. डोमाजी तिथले पारखी. गाड्या येऊन उभ्या राहिल्या की हे पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ काढत, तळहातावर चोळत, त्यावर तोंडानं ऊन वाफ सोडत आणि मूठ नाकाशी नेत. सेठजी गादीवरून विचारत, "बोलो डोमाजी, क्या बोलती है नाक?"

"चिन्नोरात लुचई मिसळला. चारात एक."

चिन्नोर हा वासाचा महाग तांदूळ, लुचई साधा आणि स्वस्त. मालवाला आईबापाची शपथ घेई, डोळ्यांत पाणी आणी. त्यावर डोमाजींचं उत्तर ठरलेलं असे, "नाक सांगून राह्यलं ना जी! मी कोठी काय म्हनलो?" बरं-वाईट जे काही असेल ते नाकाचं, आपण बिचारे नुसते निरोप्ये. एकदा आमच्या शाळेत तपासणीला इन्स्पेक्टर साहेब आले. डोमाजी सहज म्हणून फाटकाशी उभे होते. साहेब टांग्यातून उतरतात न उतरतात तोच हे मोठ्यानं म्हणाले, "सायबानं गाडीत मासळी खाल्ली." साहेब गावभर शाकाहारी म्हणून मिरवत असत. त्या वर्षी माझी बढती का हुकली, हे मी कुणाला सांगत बसलो नाही.

मात्र दुसऱ्यांच्या तांदळाबद्दल इतका चोख असलेला हा माणूस स्वतःच्या तांदळापाशी येऊन अगदी आंधळा होई. गोरेगावच्या पलीकडे त्यांचं गाव. तलावाखालची धानाची बांधी वाटणीत त्यांच्याकडे आलेली. ती कसायला माणूस ठेवून हे गोंदियात राहत. त्या बांधीतल्या चिन्नोराबद्दल बोलायला लागले की शेजारी हळूच उठून जात. "आमच्या चिन्नोरचा वास मरत नाही जी. दोन वर्सं ठेवा, चार वर्सं ठेवा. झाकन उघडलं का घर भरून जाते!" हे मी निदान शंभरदा ऐकलं असेन.

आणि याच बढाईपायी त्यांचा सख्खा भाऊ त्यांच्याशी बोलेनासा झाला होता. म्हणजे हे त्याच्याशी बोलेनासे झाले होते. कोण कुणाशी हे अकरा वर्षांत दोघांच्याही ध्यानात राहिलं नसावं.

झालं होतं असं. धाकटा भाऊ कवडूजी गावीच राहणारा. त्याच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नाचा भात आपल्या चिन्नोराचा व्हायचा, असं डोमाजींनी आधीच सांगून ठेवलेलं आणि त्या साली पोतीही पाठवलेली. पंगत बसली. पत्रावळीवर भात पडला. डोमाजींनी वाकून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांदेखत ताडकन उभे राहिले. "हा भात माझ्या बांधीतला नाही! माझा तांदूळ इकला यानं, अन् लोकायले बाजारचा खाऊ घालून राह्यला!" कवडूजी तुपाचं भांडं हातात घेऊन समोर उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. डोमाजी उपाशी पोटी गोंदियाला निघून आले.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं होतं, आणि दर वेळी शेवटी "नाक सांगून राह्यलं ना जी" म्हणून हात झटकले होते.

आता गंमत अशी, की एवढं होऊनही दोघा भावांना वर्षातून तीन दिवस एकत्र काढावे लागत. त्यांच्या आज्यानं गावचा तलाव खोदवला तेव्हा मधोमध मातीचा ढिगारा राहू दिला. त्याचं बेट झालं. गावात त्याला टापू म्हणतात. धानाची मळणी उरकली की पुसाच्या, म्हणजे पौषाच्या, महिन्यात घरच्या पुरुषांनी तीन दिवस टापूवर जायचं आणि काहीही काम करायचं नाही, नुसता आराम. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथंच भात शिजवायचा आणि भावाभावांनी एकाच गंजातून खायचा. हे चुकलं तर तलावाची पाळ फुटते, असं आजा सांगून गेलेला. त्यामुळे भांडणानंतरही दोघं नेमानं येत. एक टापूच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. दोन चुली, दोन गंज.

"मग पाळ फुटली का?" असं मी एकदा खवचटपणानं विचारलं होतं.

"फुटली नाही जी," डोमाजी गंभीरपणे म्हणाले, "पन दरवर्सी थोडी थोडी झिरपून राह्यली."

या आरामाहून डोमाजी परत येत ते डोळे लाल, नाक लाल आणि सटासट शिंका देत. आठ दिवस अंथरुणाला खिळत. हा कसला आराम, असं मी मनात म्हणे. मला तरी कुठं माहीत होतं, की एक दिवस तो माझ्याच गळ्यात पडणार आहे!

त्या वर्षी कार्तिकात मला हिवतापानं गाठलं. महिनाभर अंथरुणात होतो. पुसात जरा उठून बसायला लागलो तसे डोमाजी आले. या खेपेला त्यांनी नाक ओढलं नाही. मला वाटलं, चला, आजाऱ्याचा मान राखला.

"मास्तर, चला टापूवर. तीन दिवस आराम करा."

"आणि गोदाम?"

"लंबी सुट्टी घेतली."

मी काही बोलायच्या आत बायको आतून म्हणाली, "घेऊनच जा भाऊजी यांना." इतक्या उत्साहानं तिनं मला याआधी कशालाच संमती दिली नव्हती. जरा लागलंच मनाला.

चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीनं निघालो. ही गाडी इतकी सावकाश चालायची, की मध्ये उतरून बोरं वेचून परत चढणारी माणसं मी पाहिली आहेत. पुढे रेंगी, म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. तिच्यात माझी उरलीसुरली हाडं मोजून झाली. शेवटी तलावाच्या पाळीवर सोमा ढिवर डोंगा घेऊन उभा होता. एका मोठ्या लाकडाचा पोखरून केलेला तो डोंगा. आत बसलं की पाणी कोपराशी येतं. "हलू नोका जी," एवढंच सोमा बोलला. त्यानं सांगायची गरज नव्हती. मी श्वासही बेतानंच घेत होतो.

पण एक कबूल करतो. त्या टापूवर पाय ठेवला आणि डोक्यातला सगळा कोलाहल थांबला. चाळीस पावलांचा लांबट उंचवटा, तीन मोहाची झाडं, गुडघाभर वाळलं गवत. चहूकडे पाणी, त्यावर हिवाळ्याचं कोवळं ऊन. पलीकडच्या बांध्यांत सारसाची जोडी सावकाश पाय टाकत चरत होती. गाडीची शिट्टी नाही, गिरणीचा भोंगा नाही, पाढे घोकणारी पोरं तर मुळीच नाहीत. मी धानाच्या तणसाच्या बिछान्यावर अंग टाकलं. म्हटलं, देवा, तीन दिवस इथून हलणार नाही.

"उठा जी!" डोमाजी डोक्याशी उभे. "अशे नोका पडू. तिकडे तोंड करून पडा."

तिकडे, म्हणजे टापूच्या दुसऱ्या टोकाकडे. तिथं एक पाठ बसली होती. कवडूजीची माझी पहिली ओळख ही अशी पाठीची. बंडी तीच, दुपट्टा तसाच, मान वाकडी ठेवण्याची ढबही तीच. डोमाजींकडे वळून पाहिलं तर त्यांनीही आपली पाठ तिकडे केलेली.

डोमाजींच्या आरामाला नियम होते, आणि ते आमच्या शाळेपेक्षा कडक होते. सकाळी अजून दव पडत होतं तोच मला गदागदा हलवलं. "उठा मास्तर, आरामाले उशीर होऊन राह्यला!" मी डोळे मिटले की, "झोपू नोका. झोप म्हंजे झोप, आराम म्हंजे आराम." डोळे उघडे ठेवून आकाशाकडे बघत राहिलो तर थोड्या वेळानं, "तुमी इचार करून राह्यले. तोंडावर दिसून राह्यलं. बंद करा." मी चिडून म्हटलं, "अहो, मी काहीच करत नाही!" त्यावर समाधानानं मान हलवून म्हणाले, "हाव. आता जमून राह्यलं."

बोलणं बंद होतं ते फक्त भावाभावांत. माझ्याशी बोलायला डोमाजींना मोकळीक होती, आणि ते माझ्याशी अशा आवाजात बोलत की तलावावरची बदकं उडत. "मास्तर! काई काई लोकायले पन्नाशी झाली तरी चूल पेटवता येत नाही!" मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. तिकडे कवडूजी काटक्या घेऊन आलेल्या सोमाला तितक्याच मोठ्यानं सांगे, "सोमा, काई लोकं आरामाले येतेत अन् बोंबलत बसतेत!" सोमा दोन्हीकडे 'हाव जी' म्हणे. अकरा वर्षं हा माणूस दोन्हीकडे 'हाव जी' म्हणत होता. त्याला कुणीतरी बढती द्यायला हवी होती.

पहिल्याच दिवशी दुपारी नवीन प्रकार सुरू झाला. वारा कवडूजीच्या चुलीवरून आमच्याकडे येत होता. डोमाजी माझ्या कानाशी लागले.

"मास्तर, वास कशाचा येते?"

"धुराचा."

"अरे बाप्पा, धुराचा तं येनारच. अंदर काय आहे?"

"मला काय ठाऊक! जाऊन विचारून येऊ का?"

"खबरदार!" त्यांनी माझं मनगट धरलं. "वांगं आहे का? का लाखोरीची डाळ? नीट नाक ओढा ना जी!"

मी नाक ओढलं. मुळात माझं नाक जन्मापासून अर्धं बंद. त्यात हिवतापातून उठलेलो. "वांगं असावं," मी ठोकून दिलं. डोमाजींचा चेहरा उजळला. "पयल्या दिवशी वांगंच करते तो." मग स्वतःच बराच वेळ मान हलवत बसले. गोंदियाचा एवढा नामांकित पारखी माझ्यासारख्या अडाण्याला वास का विचारतोय, हे त्या वेळी माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मला वाटलं, माझी शिकवणी घेताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची काड्यांची पेटी दवानं भिजली. सोमा पलीकडे पाळीवर. विस्तव हवा तर एकच घर. डोमाजींनी आधी मोहाच्या झाडाकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि शेवटी खापराचा तुकडा माझ्या हातात दिला. "मी धाडलं मनून सांगू नोका." टापूवर आम्ही तिघंच, मला दुसरं कोण धाडणार होतं?

मी चाळीस पावलं चालून गेलो. कवडूजी समोरून मात्र भावासारखा नव्हता. डोळे मऊ होते. त्यानं मला बसायला गोणपाट टाकलं, खापरावर निखारे दिले आणि हळू आवाजात पहिलाच प्रश्न केला, "त्याची तब्बेत बरी नाही का जी?"

"चांगली ठणठणीत आहे. मलाच आजारी पाडायला निघालेत."

"मंग यंदा शिंकला काऊन नाही?"

मला काही कळेना. तेव्हा कवडूजी जरा लाजून सांगू लागला. दर वर्षी पहिल्या दिवशी तो तिखट मिरच्यांची फोडणी मुद्दाम करपेस्तोवर देतो. धूर तिकडे जातो. तिकडून धडाधड शिंका येतात. "दहा-बारा मोजून घेतो. मंग समजते, का भाऊ आला, बरा आहे. काल तीनदा फोडनी देल्ली मास्तर. माहे डोळे फुटाची पाळी आली. एक शिंक नाही."

कपाळ माझं! म्हणजे दर वर्षीच्या त्या लाल नाकाचं आणि आठ दिवसांच्या अंथरुणाचं कारण हे होतं. आणि काल मी ज्याला वांगं म्हणालो ती नुसती जळकी मिरची होती.

माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "एवढी काळजी आहे तर त्यांचा तांदूळ विकलात कशाला?"

कवडूजीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "इकला नाही जी. तो भात त्याच्याच बांधीतला होता."

डोमाजी दर वर्षी भावाच्या घरी चिन्नोराची दोन पोती पाठवत. मुलगी उपवर झाली तशी कवडूजीनं ती पोती न फोडता ठेवून दिली. लग्नाच्या पंगतीला जुना तांदूळ लागतो. नवा चिकट होतो, पाहुण्यांत हसं होतं. त्या दिवशी शिजला तो डोमाजींचाच, पण दोन वर्षांचा. मुरलेला, मोकळा. आणि वास पार उडालेला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कसा सांगू? लगनात गोंदियाचे चार गिरनीवाले बसून होते. डोमाजीचं नाक चुकलं, आपलाच तांदूळ त्याले वळखू आला नाही, असं त्यायच्या कानावर गेलं असतं तं दुसऱ्या दिवशी त्याले गोदामात कोनी उभं केलं असतं का? त्याचं पोटच नाकावर आहे." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "तुमीबी बोलू नोका. शपथ आहे."

विस्तव घेऊन परत आलो, पण माझ्या पोटात त्याहून मोठा निखारा. ज्याला अकरा वर्षं चोर म्हटलं तो अकरा वर्षं यांचीच भाकरी राखत बसला होता, आणि हे इथं मला आराम शिकवत होते! तोंडापर्यंत आलं, पण शपथ. मूग गिळून बसलो. डोमाजी मात्र खोदून खोदून विचारत होते, "बसाले देल्लं का? खोकत होता का? चुलीवर काय होतं?"

त्या दिवशी दिवस कलता कलता डोमाजींनी चुलीवर डाळ ठेवली आणि तिच्या अगदी शेजारी बसून मला गोदामाच्या गोष्टी सांगू लागले. मी थोडा दूर, पाण्याकडे तोंड करून. माझ्या अर्ध्या बंद नाकालाही करपट वास आला. वळून पाहिलं तर डाळीतून काळा धूर निघत होता आणि डोमाजी त्या धुराच्या अगदी तोंडाशी बसून मजेत बोलत होते.

"डोमाजी! डाळ जळाली!"

ते दचकले. गंज उतरवला, आत पाहिलं, आणि तसेच बसून राहिले. आता सगळं माझ्या डोक्यात उतरत होतं. न ओढलेलं नाक, वासाची विचारपूस, न आलेल्या शिंका.

"दसऱ्याले सर्दी झाली," ते म्हणाले. "सर्दी गेली, तिच्यासंग वास गेला. पयले वाटलं, येईल. अत्तर लावून पाह्यलं, हिंग नाकात कोंबून पाह्यला. काई नाही जी. दोन मयने मालवाल्यायचे तोंडं पाहून निभावलं. खोटा माल आननारा मी मूठ नाकाशी नेल्ली का दुपट्ट्यानं घाम पुसते. पन असं किती दिवस? मांगच्या हप्त्यात सेठजीले सांगून टाकलं. लंबी सुट्टी म्हंजे आता सुट्टीच आहे."

"घरी सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग त्या टोकाकडे हात करून म्हणाले, "गोदामाचं दुख नाही मास्तर. पन अकरा वर्सं मले याचं सारं वासावरून समजत होतं. एका वर्सी काढ्याचा वास आला, समजलं का खोकला धरला. एका वर्सी तिळाचे लाडू, म्हंजे लेक माहेरी आली. तमाकू सोडली थे समजलं, परत धरली थे समजलं. आता काई समजत नाही. मनून तुमाले आनलं. हिवतापाच्या आरामाचं निमित्त केलं. अन् तुमी तं जळक्या मिरचीले वांगं म्हनले."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचेच डोळे लाल होते ना जी."

मला त्यांचा राग आला, हसू आलं आणि वाईटही फार वाटलं. एवढ्या लांब मला ओढून आणलं ते नाक म्हणून, आणि मी तेही धड झालो नाही.

तिसरा दिवस उजाडला. भाताचा दिवस. त्या सकाळी डोमाजींनी मला उशिरापर्यंत झोपू दिलं, आरामाचा एकही नियम काढला नाही. दोन्हीकडे चुली पेटल्या. डोमाजींनी शिध्याच्या गाठोड्यातून एक छोटी थैली काढली, तांदूळ तीन पाण्यांनी धुतला आणि चढवला. आमच्या दोघांच्या मानानं तो बराच जास्त होता. भात फुलत आला तसं त्यांनी झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं.

"खरं सांगजा मास्तर. वास येते का?"

मी वाकलो. वाफ लागली, बाकी काही नाही. वाटलं, माझंच नाक बंद. आणि या माणसाचं होतं नव्हतं ते गेलंय, त्याला आता काय सांगायचं! म्हटलं, "येतो म्हणजे? घमघमाट सुटलाय! तुमच्या चिन्नोराचा वास मरतो होय?"

डोमाजी हसले. आवाज न करता, खांदे हलवत हसले. "दोन वर्साचा आहे जी. याले वास नसते."

मी पुन्हा गंजावर वाकलो.

"लगन झाल्यावर घरी एक मडकं भरून ठेवलं होतं. कवडूले खोटं पाडाले. दोन वर्सानं झाकन उघडलं. घर काई भरलं नाही." ते भात ढवळत होते. "मंग दर दुसऱ्या वर्सी मडकं भरून उघडून पाह्यलं. एकडाव तरी वास येईल, मी खरा निघीन. नाही आला. तो भात माहाच होता मास्तर. नऊ वर्सं झाली, मले मालूम आहे."

"मग नऊ वर्षं काय केलंत?" मी जवळजवळ ओरडलोच. शाळेतसुद्धा मी इतका तापलो नसेन. "चाळीस पावलं आहेत डोमाजी! चाळीस!"

"लाज वाटली," ते म्हणाले. एवढंच.

मग उठले. दुपट्ट्याची दोन टोकं हातांभोवती गुंडाळली आणि उकळता गंज उचलून चालू लागले. मी जागचा हललो नाही. वारा पडला होता, पाणी निवांत होतं, त्या टोकाचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

गंज कवडूजीच्या चुलीशी टेकला. ती पाठ वळली.

"कवडू."

"काय आहे?"

"त्या दिवशीचा भात राह्यला माहा. खाले आलो. दोन वर्साचाच आहे, तसाच."

कवडूजीनं गंजात पाहिलं, वाफेवर वाकला, मग भावाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं, पण अकरा वर्षांची सवय अशी एकदम कुठं सुटते? भावाला सांभाळून घेत म्हणाला, "वास चांगला येऊन राह्यला."

"खोटं नोको बोलू. मास्तर बोलला तेवढं पुरे झालं." डोमाजी खाली बसले. "अन् मले काय समजनार आता! नाक गेलं माहं."

कवडूजी भावाकडे सरकला. "कधी?"

डोमाजींनी हातांवरचा दुपट्टा सोडला.

"तुह्या पोरीच्या लगनातच गेलं."

मग कवडूजीनं आपल्या चुलीवरचा गंज उतरवला आणि त्यातला नवा भात भावाच्या गंजात ओतला. सगळाच. तांब्या पुढे केला. "हात धू. थंडा होऊन राह्यला."

मी आपला मोहाच्या झाडाला टेकून पाण्याकडे बघत बसलो होतो. डोळे पुसत होतो म्हटलं तरी चालेल. तिथं धूर नव्हता. तेवढ्यात त्या टोकाहून जुन्या आवाजात आरोळी आली, बदकं उडाली.

"ओ मास्तर! तठी काऊन बसले? आराम मंग करजा, जेवाले या!"

गेलो. नवा आणि जुना भात एकमेकांत मिसळला होता, कुठला कुठला ते सांगता येत नव्हतं. आणि खालून चांगलाच लागला होता. तिघांपैकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. गंज पुसून खाल्ला.